अमेरिकेतल्या सरकारी विद्यापीठांत बाहेरच्या राज्यातल्या मुलांना तिप्पट फी का?

सांजवात

नमस्कार मंडळी. अमेरिकेतल्या कॉलेजांची यादी करायला बसलं की फीच्या तक्त्यात दोन रकाने दिसतात आणि गाडी तिथंच अडते. पर्ड्यू विद्यापीठाचंच बघा. इंडियाना राज्यातल्या मुलांना वर्षाची ट्यूशन ९,९९२ डॉलर, बाहेरच्या राज्यातल्यांना २८,७९४. म्हणजे वर्षाला १८,८०२ डॉलर जास्त, चार वर्षांचे ७५,२०८. वर्ग तोच, प्राध्यापक तेच, पदवीच्या कागदातही फरक नाही. एकाच देशातल्या मुलांमध्ये हा भेद कशासाठी, आणि तो तिथल्या कायद्यात बसतो कसा?

दुसरा प्रश्न आपल्या बऱ्याच घरांना लागू पडेल असा आहे. आईवडील एच-१बीवर (नोकरीचा व्हिसा), मुलगी एच-४वर (त्यांच्यावर अवलंबून असलेल्यांचा व्हिसा), मुक्काम न्यू जर्सी. नोकरी बदलून टेक्सासला जायचं घाटतंय. मुलगी २०२७ च्या फॉलमध्ये (ऑगस्टमध्ये सुरू होणाऱ्या सत्रात) कॉलेजला जाणार. कर तर सगळेच भरले जातात, मग टेक्सासचा स्थानिक दर मिळेल का? की आत्ताच तिकडे तिच्या नावानं एक खोली भाड्यानं घेऊन ठेवली तर भागेल? ऐकीव माहिती खूप मिळाली आहे. नियम ठाऊक असलेल्यांनी कृपया सविस्तर लिहा.

कोरा कागद

आधी 'का' बघू.

सरकारी विद्यापीठ तिथं केंद्राचं नसतं, राज्याचं असतं. १८६२ च्या मॉरिल कायद्यानं प्रत्येक राज्याला त्याच्या दर सिनेटरमागे आणि दर प्रतिनिधीमागे ३०,००० एकर जमीन दिली. ती विकून शेतकी आणि यांत्रिकी शिक्षणाची कॉलेजं काढायची होती. पर्ड्यू त्यातूनच उभं राहिलं. जमीन केंद्राची असली तरी कॉलेज पुढं चालवण्याचा खर्च राज्याच्या गळ्यात पडला, आणि आजही राज्याचं विधिमंडळ आपल्या अर्थसंकल्पातून विद्यापीठाला अनुदान देतं. ते पैसे त्या राज्याच्या विक्रीकरातून, आयकरातून येतात. स्थानिक मुलाची ट्यूशन म्हणजे हे अनुदान वजा करून उरलेला वाटा. ओहायोतल्या घराचा राज्य कर ओहायोच्या तिजोरीत गेला, इंडियानाच्या नाही. त्या घरातल्या मुलासाठी इंडियानाच्या करदात्यानं पदरमोड का करावी, हा मूळ युक्तिवाद. खासगी विद्यापीठांत असं अनुदान नसतं, म्हणून प्रिन्स्टनला न्यू जर्सीचा मुलगा आणि अलास्काचा मुलगा एकच ट्यूशन देतात.

पण कारण एवढंच असतं तर दोन दरांतला फरक अनुदानाएवढाच असता. तसं नाही. टेक्सासचा कायदा वाचला की हे लख्ख दिसतं. तिथं स्थानिकाची कायद्यानं ठरवलेली ट्यूशन एका क्रेडिटला (अभ्यासक्रम मोजायचं एकक) ५० डॉलर आहे (वर विद्यापीठाची स्वतःची ट्यूशन लागते, ती वेगळी). बाहेरच्याची कायदेशीर ट्यूशन ठरवताना शिकवण्याचा खर्च बघतच नाहीत. टेक्सास सोडून सर्वाधिक लोकसंख्येची पाच राज्यं घ्यायची, तिथली सरकारी विद्यापीठं टेक्सासच्या मुलाकडून किती घेतात ते बघायचं, त्याची सरासरी काढायची, तोच दर. तुम्ही आमच्या मुलांना जितकं लावता तितकंच आम्ही तुमच्या मुलांना लावू, असा हा हिशोब आहे.

कॅलिफोर्निया विद्यापीठ (यूसी) दोन्ही रकमा वेगळ्या दाखवतं. २०२५-२६ ला नव्यानं दाखल होणाऱ्या पदवीच्या विद्यार्थ्याला १४,९३४ डॉलर, आणि तो राज्याबाहेरचा असेल तर वर ३७,६०२ डॉलरची 'नॉनरेसिडेंट सप्लिमेंटल ट्यूशन'. बेरीज ५२,५३६. मिशिगन विद्यापीठात ॲन आर्बरला बाहेरच्यांचा दर ६० हजारांच्या वर गेला आहे. एवढा खर्च एका मुलाला शिकवायला येत नाही. २००८ च्या मंदीनंतर राज्यांनी अनुदानं कापली. स्थानिकांची फी वाढवली तर मतदार आमदाराला जाब विचारतात, ओहायोचा बाप इंडियानात मत देत नाही. म्हणून तूट भरून काढायला बाहेरचा विद्यार्थी सगळ्यात सोपा. या पैशातून स्थानिकांची फी आवाक्यात राहते हेही खरं आहे.

त्याला लगाम जागांचा. बाहेरची मुलं जास्त पैसे देतात म्हणून विद्यापीठं तीच भरत सुटली तर स्थानिक करदाता चिडणार. म्हणून यूसीनं २०१७ मध्ये संपूर्ण व्यवस्थेसाठी बाहेरच्यांची मर्यादा १८ टक्के ठरवली आणि ज्या आवारांत प्रमाण त्याहून जास्त होतं त्यांना तेव्हाच्या आकड्यावर थांबवलं.

कायद्यात बसतं का? बसतं. मिनेसोटाची एक वर्ष वास्तव्याची अट सर्वोच्च न्यायालयानं १९७१ मध्ये स्टार्न्स विरुद्ध मॅल्करसन खटल्यात कायम ठेवली. १९७३ च्या व्हलँडिस विरुद्ध क्लाइनमध्ये मात्र कनेक्टिकटला चपराक बसली. तिथला नियम असा होता की अर्ज करताना पत्ता बाहेरचा असेल तर तो विद्यार्थी शिक्षण संपेपर्यंत बाहेरचाच, मग त्यानं तिथं घर केलं असलं तरी. न्यायालयानं सांगितलं की राज्य जास्त फी घेऊ शकतं, पण आपण आता इथले झालो हे सिद्ध करायची संधी विद्यार्थ्याला द्यावीच लागेल. सगळ्या राज्यांतले रेसिडेन्सीचे (राज्याचा रहिवासी ठरण्याचे) फॉर्म आणि अपिलं याच चौकटीत चालतात.

शिवारफेरी

कोरा कागद यांनी पाया छान घातला. मी टेक्सासपुरतं लिहितो.

खोलीचं उत्तर आधी: नाही, भागणार नाही. मुलीला आईवडील आयकरात अवलंबून दाखवत असतील (किंवा दाखवण्यास पात्र असतील) तर रेसिडेन्सी तिची नाही, आईवडिलांची बघतात. तिच्या नावावरचा भाडेकरार कितीही जुना असला तरी उपयोग शून्य. घर विकत घेऊन भाड्यानं दिलं आणि स्वतः न्यू जर्सीतच राहिलं तरी तेच. घराची मालकी धरतात, पण मालकानं त्या घरात राहायला हवं.

नियम असा: आई किंवा वडील, दोघांपैकी एकानं, सेमिस्टरच्या 'सेन्सस डेट'च्या आधी सलग १२ महिने टेक्सासमध्ये डोमिसाइल (कायमचं घर) केलेलं हवं आणि ते टिकवलेलं हवं. नेहमीच्या १६ आठवड्यांच्या सेमिस्टरमध्ये सेन्सस डेट म्हणजे वर्गांचा बारावा दिवस. फॉलला तो ऑगस्टअखेर ते सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात पडतो. प्रवेशपत्राची तारीख, अर्जाची तारीख, फी भरल्याची तारीख यांचा इथं संबंध नाही.

डोमिसाइल म्हणजे नुसतं राहणं नव्हे. राहणं आणि सोबत नोकरी, स्वतःच्या मालकीचं राहतं घर, स्वतःचा धंदा असं काहीतरी. पगारदारांसाठी नोकरीचा मार्ग सरळ आहे. कंपनीच्या लेटरहेडवर रुजू झाल्याची तारीख, पूर्णवेळ असल्याचा उल्लेख आणि कामाचं ठिकाण टेक्सासमधलं, हे तिन्ही लिहून घ्या. घरून काम असेल तर तिसरा मुद्दा हमखास सुटतो, कारण कंपनीच्या एचआरचा ठरलेला मसुदा मुख्यालयाचा पत्ता छापतो. सोबत भाडेकरार आणि त्याच पत्त्याची विजेची किंवा पाण्याची १२ महिन्यांची बिलं.

फाइल सगळ्यात जास्त वेळा अडते ती परस्परविरोधी कागदांमुळे. पत्र म्हणतं डॅलसला जुलैपासून काम, आणि डब्ल्यू-२ च्या (वर्षभराच्या पगाराचं आणि कापलेल्या कराचं पत्रक) बॉक्स १५ मध्ये न्यू जर्सी आणि बॉक्स १७ मध्ये वर्षअखेरपर्यंत तिथला कर कापलेला. पेरोलवालं राज्य पहिल्याच पगारापासून बदलून घ्या. टेक्सासला राज्य आयकर नाही, त्यामुळे तिथलं विवरणपत्र पुरावा म्हणून मिळत नाही. पण न्यू जर्सीचं शेवटचं विवरण 'पार्ट-इयर रेसिडेंट' म्हणून भरा आणि राज्य सोडल्याची तारीख नोकरीच्या पत्राशी जुळवा. गाडीची नोंदणी ३० दिवसांत, ड्रायव्हिंग लायसन्स ९० दिवसांत बदलणं कायद्यानंच सांगितलं आहे, ते केलं की तारखांची साखळी आपोआप तयार होते.

इथं एक कळकळीची सूचना. रेसिडेन्सीच्या सामान्य सल्ल्यांत 'मतदार नोंदणी करा' असं छापलेलं असतं. ते फक्त नागरिकांसाठी आहे. लायसन्सच्या फॉर्मवर मतदार नोंदणीचा प्रश्न येतो, तिथं एच-१बी, एच-४ किंवा ग्रीन कार्डवाल्यांनी चुकूनही 'हो' म्हणू नका. फीचा प्रश्न बाजूला राहील आणि इमिग्रेशनच्या फाइलवर असा डाग पडेल की थेट हद्दपारीपर्यंत जाऊ शकतं.

आणि प्रवेश अर्जातले रेसिडेन्सीचे प्रश्न. टेक्सासमध्ये त्यांना 'कोअर रेसिडेन्सी क्वेश्चन्स' म्हणतात. 'नंतर भरू' म्हणून ते अर्धवट सोडले की विद्यापीठ विद्यार्थ्याला बाहेरचा धरून बिल काढतं. पात्र असूनही तिप्पट बिल येण्याचं हे फार साधं कारण आहे.

सांजवात

दोघांचेही मनापासून आभार. तारखेचं एकदा पक्कं करून घेते. १ ऑक्टोबर २०२६ ला डॅलसला रुजू झालं तर फॉल २०२७ ला काय होईल? आणि मुलीची बारावी न्यू जर्सीतच पूर्ण करायची असेल तर?

शिवारफेरी

१ ऑक्टोबर २०२६ पासून १२ महिने ३० सप्टेंबर २०२७ ला भरतात. फॉलची सेन्सस डेट त्याच्या दोनतीन आठवडे आधीच होऊन जाते. म्हणजे पहिलं सेमिस्टर बाहेरच्या दरानं. स्प्रिंग २०२८ ची सेन्सस डेट फेब्रुवारीच्या सुमारास, तेव्हा १२ महिने पुरे झालेले असतील. पण दर आपोआप बदलत नाही. पुनर्वर्गीकरणाचा अर्ज कागदांसह त्या तारखेच्या आधी रजिस्ट्रार किंवा ॲडमिशन ऑफिसकडे द्यावा लागतो. डिसेंबरच्या सुट्टीआधीच द्या, जानेवारीत रांग लागते.

रुजू व्हायची तारीख ऑगस्ट २०२६ च्या सुरुवातीवर आणता आली तर पहिलं सेमिस्टरही वाचतं. नव्या कंपनीशी बोलताना पगाराइतकाच या दोन महिन्यांचा विचार करा, एका सेमिस्टरचा फरक बोनसपेक्षा मोठा भरू शकतो.

बारावीचं: मुलीनं स्वतः टेक्सासमध्ये असायलाच हवं असं नाही. आई किंवा वडील यांच्यापैकी एक जण तिथं नोकरीसह स्थायिक झाला, दुसरा मुलीबरोबर न्यू जर्सीत थांबला, तरी चालतं. फक्त जो गेला आहे तो खरोखर तिथं राहत असावा. दर शुक्रवारी न्यू जर्सीतल्या नेवार्कला परतणारा आणि डॅलसला मित्राच्या खोलीत पत्ता असलेला माणूस १२ महिन्यांची बिलं आणणार कुठून?

टेक्सासच्या हायस्कूलमधून उत्तीर्ण झालेल्यांसाठी दुसरा रस्ता आहे, पण त्याला उत्तीर्ण होण्याआधी ३६ महिने राज्यात वास्तव्य लागतं. दहावीआधी तिकडे गेलेल्यांच्याच तो कामाचा.

दोन तीर

व्हिसाचा भाग राहिला, आणि काळजी करण्याजोगं खरं तिथंच आहे.

एच-१बी, एच-४ चालतं आणि एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) चालत नाही, असं का? एफ-१ च्या व्याख्येतच लिहिलंय की परदेशात त्याचं घर आहे आणि ते सोडायचा त्याचा इरादा नाही. मग टेक्सास आपलं कायमचं घर असं तो म्हणूच शकत नाही, चार वर्षं राहिला, भाडं भरलं, कर भरला तरी. एच-१बी आणि एच-४ ला कायमस्वरूपी राहण्याचा इरादा ठेवायची मुभा आहे, म्हणून त्यांना डोमिसाइल करता येतं. या तर्काला १९८२ च्या टोल विरुद्ध मोरेनो निकालाचा आधार आहे. मेरिलँड विद्यापीठ जी-४ व्हिसावाल्या आंतरराष्ट्रीय संस्थांच्या कर्मचाऱ्यांच्या मुलांना स्थानिक दर नाकारत होतं. संसदेनं ज्यांना इथं डोमिसाइल करायला मनाई केलेली नाही, त्यांच्यावर राज्य असा बोजा टाकू शकत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं.

आता अडचण. एच-४ वयाच्या २१ व्या वर्षी संपतो. भारतात जन्मलेल्यांची ईबी-२ आणि ईबी-३ ची (नोकरीवरून मिळणाऱ्या ग्रीन कार्डचे वर्ग) रांग इतकी लांब आहे की ग्रीन कार्ड त्याआधी हातात येईलच असं नाही. पदवीच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षात मुलगी एफ-१ वर गेली की डोमिसाइलचा पाया निघून जातो आणि स्थानिक दर धोक्यात येतो. तेव्हा दाखल होतानाच विद्यापीठाच्या रेसिडेन्सी ऑफिसला लेखी विचारा: सलग शिकत असताना व्हिसा बदलला तर वर्गीकरण टिकतं का? उत्तर ईमेलवर घ्या, फोनवर नको. ग्रीन कार्डची रांग पुढं सरकून आय-४८५ (ग्रीन कार्डचा शेवटचा अर्ज) दाखल करता आला तर त्याची आय-७९७ पावती जपून ठेवा, टेक्सासमध्ये ती पात्रतेचा स्वतंत्र आधार धरतात. २१ वर्षांचा हिशोब कॅलेंडरच्या वयावर थेट होत नाही, चाइल्ड स्टेटस प्रोटेक्शन ॲक्टखाली आय-१४० (कंपनीनं ग्रीन कार्डसाठी केलेला अर्ज) प्रलंबित राहिल्याचे दिवस वजा होतात. हे गणित इमिग्रेशन वकिलाकडून वेळीच करून घ्या.

कॅलिफोर्नियाचा विचार असेल तर तिथं अट आणखी काटेकोर आहे. ठरलेल्या तारखेआधी ३६६ दिवस प्रत्यक्ष वास्तव्य आणि कायम राहण्याचा इरादा, आणि आईवडील राज्याबाहेरचे असतील तर २४ वर्षांखालच्या अविवाहित विद्यार्थ्याला आर्थिक स्वावलंबनही सिद्ध करावं लागतं. तिथं तीन वर्षं हायस्कूल केलेल्यांसाठीची एबी ५४० ची सवलत बऱ्याच जणांना ठाऊक असते, पण सर्वसाधारण नॉन-इमिग्रंट (तात्पुरत्या) व्हिसावाले त्यातून वगळलेले आहेत.

शेवटचं: स्थानिक दर मिळाला म्हणजे एफएएफएसएवरची (शिक्षणासाठी आर्थिक मदतीचा अर्ज) केंद्राची मदत मिळेल असं नाही. एच-४ ला ती मिळत नाही. दोन्ही गोष्टी एकच समजून घरचं बजेट आखणाऱ्यांची फार ओढाताण होते.

इंदूरकर

आपल्याकडचा एक संदर्भ इथं नोंदवतो, कारण अनेकांना वाटतं ही फक्त अमेरिकेची रीत. इंदूरच्या महात्मा गांधी स्मृती वैद्यकीय महाविद्यालयात १९५० च्या दशकात मध्य भारत राज्यातल्या रहिवाशांना कॅपिटेशन फी माफ होती. बाहेरच्यांना मात्र ट्यूशनशिवाय १,३०० रुपये (नामनिर्देशित असल्यास) किंवा १,५०० रुपये भरावे लागत. दिल्लीच्या एका विद्यार्थ्यानं आव्हान दिलं. १९५५ च्या डी. पी. जोशी विरुद्ध मध्य भारत राज्य निकालात आपल्या सर्वोच्च न्यायालयानं बहुमतानं हा फरक वैध ठरवला. घटनेचं कलम १५ जन्मस्थानावरून भेद करायला मनाई करतं, रहिवास ही वेगळी गोष्ट आहे, आणि राज्याच्या पैशानं चालणाऱ्या कॉलेजानं राज्यातल्या मुलांना सवलत देणं गैर नाही, असं कारण दिलं. मिनेसोटाच्या निकालाच्या १६ वर्षं आधी!

पुढं आपल्याकडे भर फीपेक्षा जागांवर गेला. महाराष्ट्रातल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत एमबीबीएसच्या १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्याच्या आणि ८५ टक्के राज्याच्या, ते याच विचाराचं दुसरं रूप. आणि आपल्या डोमिसाइल दाखल्याला साधारण १५ वर्षांचं वास्तव्य लागतं. त्या मानानं टेक्सासचे १२ महिने उदारच म्हणायचे.

कोरा कागद

इंदूरकर, हा निकाल इथं आणलात ते उत्तम केलंत.

जे भारतातून थेट एमएसला जाणार आहेत त्यांच्यासाठी थोडक्यात: एफ-१ वर राहून रेसिडेन्सी मिळत नाही, पण दर बदलता येतो. टेक्सासच्या कायद्यात दोन वाटा आहेत. विद्यापीठाची किमान १,००० डॉलरची स्पर्धात्मक स्कॉलरशिप मिळाली तर त्या काळासाठी स्थानिक दर लागू होऊ शकतो. स्कॉलरशिपसाठी स्थानिक विद्यार्थ्यांशीही स्पर्धा झालेली हवी, आणि विद्यापीठाला अशी सूट एकूण विद्यार्थ्यांच्या ५ टक्क्यांपर्यंतच देता येते. म्हणून बाहेरच्या संस्थेची किंवा समाजमंडळाची १,००० डॉलरची शिष्यवृत्ती इथं चालत नाही. दुसरी वाट, आपल्या विषयाशी निगडित कामात किमान अर्धवेळ, म्हणजे आठवड्याला २० तास, टीचिंग किंवा रिसर्च असिस्टंट. ९९९ डॉलरच्या आणि १,००० डॉलरच्या ऑफरमध्ये एका डॉलरचा नव्हे, हजारो डॉलरचा फरक पडतो, म्हणून ऑफर लेटरमध्ये 'रेसिडेंट ट्यूशन' हे शब्द आहेत का ते वाचा. नसतील तर विभागाच्या ग्रॅज्युएट कोऑर्डिनेटरला विचारा.

पदवीसाठी, आणि नागरिक किंवा ग्रीन कार्डवाल्या मुलांसाठी, राज्याराज्यांतले करार बघायला विसरू नका. पश्चिमेकडच्या राज्यांचं 'वेस्टर्न अंडरग्रॅज्युएट एक्स्चेंज' स्थानिक दराच्या जास्तीत जास्त १५० टक्के लावतं. दक्षिणेकडच्या 'अकॅडेमिक कॉमन मार्केट'मध्ये तुमच्या राज्यात न शिकवला जाणारा विषय असेल तर शेजारच्या राज्यात स्थानिक दर मिळतो. मिनेसोटा आणि विस्कॉन्सिनचा आपसात करार आहे. मेन राज्यात मुलांची संख्या घटते आहे, म्हणून मेन विद्यापीठानं २०१६ पासून काही राज्यांतल्या चांगल्या गुणांच्या मुलांना त्यांच्या घरच्या मुख्य सरकारी विद्यापीठाइतकाच दर द्यायला सुरुवात केली. अडचण एकच: हे करार सगळ्या विद्यापीठांना आणि सगळ्या विषयांना लागू नसतात. नर्सिंग किंवा कॉम्प्युटर सायन्ससारख्या गर्दीच्या शाखा बऱ्याचदा वगळलेल्या असतात आणि नंतर शाखा बदलली तर सवलत जाऊ शकते. विद्यापीठाचं नाव यादीत दिसलं म्हणून थांबू नका, शाखेचं नाव शोधा.

सांजवात

रुजू होण्याची तारीख ३ ऑगस्ट २०२६ मागितली आहे. पत्रात कामाचं ठिकाण डॅलस असं लिहून मागितलं, तर एचआरनं खरंच मुख्यालयाचा पत्ता टाकून पाठवलं होतं, ते दुरुस्त करून घेतलं. व्हिसाबद्दलचा प्रश्न यादीतल्या तिन्ही विद्यापीठांना ईमेलनं विचारते आणि जी उत्तरं येतील ती इथंच टाकते.